लोखंडावरची तांबडी साय

ओल्या लोखंडाला वास असतो, हे तुम्हांला कुणी सांगितले आहे का? नसेल, तर आश्विनातल्या एखाद्या सकाळी धारवाडात या. पाऊस सरलेला असतो, पण त्याचा ओलावा हवेतून निघायला राजी नसतो. कौलांवर शेवाळ अजून हिरवे असते आणि कोवळे ऊन अंगणात यावे की न यावे अशा संभ्रमात उंबऱ्याशी थबकलेले असते. अशा वेळी मोटारीच्या शेडचे दार उघडले की आतून एक थंड, किंचित आंबट, विहिरीतल्या जुन्या पोहऱ्याची आठवण करून देणारा गंध येतो. मग आतली गाडी हातभर पुढे सरकते, कुणी तरी ब्रेकवर पाय ठेवते, आणि चाकांच्या पोटातून आवाज उमटतो: खर्रर्र! कोरड्या जात्यात मूठभर जोंधळा पडावा तसा. लोक त्या आवाजाला नाके मुरडतात. मला मात्र तो एखाद्या वडीलधाऱ्याच्या खाकरण्यासारखा वाटतो. घरात कुणी तरी जागे आहे, आता काही बिघडणार नाही, असे सांगणारा.

माझे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवीत. वडील, म्हणजे आमचे अप्पा, धारवाडच्या एका वकिलांची मोटार चालवीत. आणि मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो. आमच्या कुळात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. हे सांगताना माझी छाती फुगते, आणि ती फुगते हे मी लपवीत नाही. ज्यांच्या घरी पदव्यांची रांग लागली आहे त्यांनी विनय खुशाल पाळावा. आम्हांला तो अजून परवडत नाही.

गंज म्हटला की सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे विनाश उभा राहतो. कवी त्याला काळाचा घास म्हणतात आणि आमचे प्राध्यापक त्याला लोह, जल आणि वायू यांचा संयोग म्हणत. अप्पांचे शास्त्र याहून साधे होते. गंज दोन, ते म्हणत, एक आतला आणि एक वरचा. आतला म्हणजे दुखणे. वरचा म्हणजे दुधावरची साय. रात्रीत धरते, बोटाने निघते. चाकाच्या मध्याशी, हबला म्हणजे चाकाच्या तुंब्याला जोडलेला, पालथ्या पातेल्यासारखा लोखंडी ड्रम असतो. त्याच्या पोटात दोन पट्टे असतात. पाय दाबला की ते फाकतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबते. ती घासण्याची जागा जन्माची उघडी. तिला रंग नाही, आवरण नाही. म्हणून गाडी धुऊन उभी ठेवली की तिच्यावर तांबडी साय धरते, आणि गाडी चार पावले चालवून दोनदा ब्रेक दाबला की ती जाते. एवढेच!

हे मी आज सांगतो आहे. त्या काळी मला गंजाचे सूत्र पाठ होते, पण ड्रमच्या पोटात काय असते ते मी पाहिलेले नव्हते. अप्पांनी ते मला कधी दाखवले नाही. चाक उघडून बसले असताना मी जवळ गेलो की काळे हात वर करून ते मला हाकलीत, "दत्तू, तू पुस्तक बघ. हे हात एका घरात एकालाच पुरे." माझी नखे पांढरी राहावीत म्हणून त्यांनी जी विद्या माझ्यापासून दूर ठेवली, तिचीच मला गरज पडावी, हा दैवाचा केवढा विनोद!

आम्ही राहत होतो वकीलसाहेबांच्या आवारातल्या मागच्या खोलीत. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. खोली अप्पांच्या नोकरीबरोबर आलेली. नोकरी गेली तर खोली जाणार, आणि खोली गेली तर माझे कॉलेज. हे आम्हां दोघांना न बोलता ठाऊक होते. रावसाहेब मितभाषी आणि न्यायी. त्यांच्या वृद्ध आई, ज्यांना सारे आवार अक्का म्हणे, त्या तर मायेची सावली. पण त्या वर्षी रावसाहेबांचे धाकटे बंधू बापूसाहेब मुंबईहून येऊन राहिले होते, आणि त्यांच्या दृष्टीला धारवाडातले सारेच जुनाट दिसे. अप्पांचा रुमाल जुनाट, अप्पांचे गाडी हाकणे जुनाट. "दादा, हा मनुष्य मोटारीला बैलगाडी समजतो," असे ते जेवताना म्हणत, आणि स्वयंपाकघरातून ते शब्द आमच्या खोलीपर्यंत पोहोचत. नवा ड्रायव्हर त्यांनी मनात ठरवूनही टाकला होता. त्यांना हवे होते फक्त निमित्त.

निमित्त दिले खंडेनवमीने. आमच्याकडे त्या दिवशी आयुधांची पूजा होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. कोयता, विळी, करवत, शिवणयंत्र, सारे धुऊन, बोटभर तेल लावून, हळदकुंकू वाहून ओळीने मांडायचे. तेल लावण्याचे काम आमच्या घरी लहानपणापासून माझे. आजोबांच्या हातोड्यापासून आईच्या अडकित्त्यापर्यंत प्रत्येक लोखंडाला मी तेलाचे बोट लावीत आलो होतो. लोखंड म्हटले की तेल, हे माझ्या बोटांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी पाठ झाले होते. मोटारही आयुधच. अप्पांनी ती विहिरीच्या पाण्याने चाकांच्या आतपर्यंत धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबे ठेवली, पुढे कोहळा फोडला. एरवी धुतलेली गाडी ते लगेच आवारात एक फेरी फिरवीत, ब्रेक दाबीत आणि आतले पाणी उडवीत. पण पूजा झालेल्या आयुधाला त्या दिवशी काम सांगायचे नसते, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत चाक हलवायचे नसते. वर्षभर माणसासाठी राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विसावा! किती सुंदर कल्पना! पण विसावा सर्वांनाच मानवतो असे थोडेच आहे?

दसऱ्याला भटजी आले मध्यान्ही. तोवर हबवर तांबूस छटा चढली होती आणि ड्रमच्या कडेतून गंजाचे पाणी ओघळून चाकाच्या पांढऱ्या रंगावर रेघा उमटल्या होत्या. बापूसाहेब काठी फिरवीत आले, वाकले, हबवरून बोट ओढले आणि ते अप्पांच्या नाकासमोर धरले. "काय हो गोविंदराव, हे पूजेचं कुंकू का तुमचं कर्तृत्व?" अप्पा शांतपणे म्हणाले, "गंज आहे, बापूसाहेब. वरचा आहे. दोनदा ब्रेक दाबला की जातो." "सगळं तुमचं जातंच हो आपोआप. आता तुम्ही कधी जाता बघू." भटजी हसले. रावसाहेब वऱ्हांड्यात होते. त्यांनी ऐकले, आणि चाकावरच्या रेघांकडे एकदा पाहून ते आत गेले. त्या आत जाण्यानेच मी घाबरलो.

जेवून तिसऱ्या प्रहरी हुबळीला जायचे होते. लॅमिंग्टन रोडवर रावसाहेबांची लेक राहत असे. तिच्या घरी सोने द्यायचे, म्हणजे शमीची पाने, इकडच्या भाषेत बन्नी. अप्पा जेवायला बसले. मी हात धुऊन बाहेर आलो आणि गाडीपुढे उभा राहिलो. अपमान अप्पांचा झाला होता, पण कान माझे तापले होते. मनात म्हटले, लोह, जल, वायू. जल आता पुसता येईल; लोह काढता येणार नाही; उरला वायू. त्याला अडवायचे म्हणजे तेलाचा लेप. काय निर्दोष तर्क! मी हब रॉकेलने घासून लख्ख केले, त्यांवर तेलाचे बोट फिरवले. इथे थांबलो असतो तर अप्पांनीही पाठ थोपटली असती. पण ओघळ तर आतून येत होते. मी लांब चोचीची तेलाची कुपी घेतली, ड्रमच्या मागच्या फटीत तिची चोच घातली आणि दाबली. एकदा, दोनदा. चारही चाकांना. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, भक्तिभावाने, ज्या एका लोखंडाला जगात तेल चालत नाही त्याला मी ते पोटभर पाजले.

गाडी निघाली. मागे रावसाहेब, अक्का आणि बापूसाहेब. पुढे अप्पांशेजारी मी, मांडीवर पानांची टोपली. फाटकाशी अप्पांनी सवयीने ब्रेक दाबला. आवाज आला नाही. अप्पांची मान किंचित कलली, घरातले नेहमीचे घड्याळ बंद पडले की माणूस ऐकतो तशी. "खरखरलं नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. बापूसाहेब मागून म्हणाले, "आवाज नाही म्हणूनही तक्रार का? चला, चला." मला मनातून काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! वाटले, परत आल्यावर हळूच सांगावे, अप्पा, तो तुमचा आवाज मी घालवला.

पण तेल अजून पसरायचे होते. नवलूरच्या उतारापर्यंत ते चाकाबरोबर फिरून फिरून साऱ्या ड्रमभर गेले. उताराच्या तळाशी बन्नीला निघालेल्या माणसांनी भरलेली एक बैलगाडी रस्ता ओलांडत होती. अप्पांनी पाय दाबला. गाडी थांबण्याऐवजी जणू निसटली. त्यांनी पुन्हा दाबला, हातचा ब्रेक ओढला, काही नाही. "सर्रीऽ! सर्रीऽ!" अप्पा कानडीत ओरडले, बाजूला व्हा म्हणून, आणि त्याच क्षणी गिअर खाली पाडून, डावीकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात त्यांनी गाडी घातली. धक्का बसला. टोपली माझ्या मांडीवरून उडाली आणि सारे सोने मुरमावर, आमच्या डोक्यांवर, अक्कांच्या पदरात सांडले. बैलगाडी पुढून निघून गेली. तिच्यातली पोरे हात हलवीत होती. त्यांना वाटले, ही गंमतच आहे.

अक्कांच्या कपाळाला टेंगूळ आले. बाकी कुणाला काही झाले नाही. अप्पा उतरले, वाकून ड्रमच्या कडेला बोट लावले, नाकाशी नेले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, एकदाच. त्या पाहण्यात राग नव्हता हो! राग असता तर मी तिथेच सुटलो असतो. ते सरळ रावसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "आत तेल गेलंय, साहेब. माझ्याच हातून सांडलं." बापूसाहेब उसळले, "ऐकलंस, दादा? आज आपण मेलो असतो! आता तरी याला काढणार आहेस की नाही?" रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. आईच्या कपाळाकडे पाहत ते म्हणाले, "गोविंदा, दसरा होऊ दे. उद्या बोलू." सतरा वर्षांत त्यांनी अप्पांना असे उद्यावर कधी ढकलले नव्हते. आणि मी? मी पाने वेचत होतो.

रस्त्याकडेच्या पेरूच्या बागेत मंडळी सावलीला बसली. अप्पांनी जॅक लावला आणि एकेक चाक उतरवले. त्या दिवशी मी ड्रमचे पोट प्रथम पाहिले. केवढेसे ते विश्व! पट्टे तेलाने काळेभोर झालेले. अप्पांनी ते पेट्रोलने धुतले, वाऱ्यावर पुरते सुकवले, मग मला राखणदारणीच्या खोपटातून खापरावर निखारे आणायला पाठवले. ती बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "यव्वा! गाडीगे बेंकी हच्चतीरेनु?" म्हणजे गाडीला आग लावता की काय! एरवी मी हसलो असतो. अप्पा गाडीपासून दूर बसून एकेक पट्टा निखाऱ्यांवर धरीत होते. मुरलेले तेल घामासारखे वर येई, ते पुसीत, पुन्हा धरीत, मग काचकागदाने घाशीत. ड्रमही घासून घासून कोरडा केला. मी निखारे फुंकत होतो. हळूच म्हणालो, "अप्पा, मी सांगतो त्यांना." ते मान वर न करता म्हणाले, "गप बस. रावसाहेब तुला शहाणा समजतात. ते तेवढं राहू दे. माझं काय, माझ्या अंगाला तेलाचा डाग नवा नाही."

त्या दीड तासात मी जे शिकलो ते चार वर्षांच्या कॉलेजात शिकलो नाही, असे म्हटले तर ते सोयीचे असत्य होईल. कॉलेजने मला पुष्कळ दिले. पण एवढे खरे, की अप्पांच्या हातातला तो पट्टा पाहता पाहता मला माझे गप्प बसणे दिसू लागले. किती गुळगुळीत होते ते! आवाज नाही, खरखर नाही, सारे कसे सुरळीत. ज्या ठिकाणी घासायलाच हवे तिथे मी पुन्हा तेल सोडत होतो. अशी माणसे तुम्ही पाहिली नाहीत का, ज्यांच्याशी कधी खटका उडत नाही, आणि उतारावर ज्यांचा कधी उपयोगही होत नाही? मला तसे व्हायचे होते का?

चौथे चाक चढले तेव्हा मी उठलो आणि बागेत गेलो. "रावसाहेब," मी म्हणालो, "ड्रममध्ये तेल मी घातलं. गंज जावा म्हणून. अप्पांना ठाऊकही नव्हतं." बापूसाहेब म्हणाले, "वा! हे आमचे कॉलेजकुमार!" रावसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि मला कोर्टात साक्षीदाराला विचारावे तसे विचारले, "तू घातलंस तर दीड तास कुठं होतास?" मी राखेने माखलेले हात मागे घेतले. मग ते बापूसाहेबांकडे वळले. "बापू, ब्रेक असलेली गाडी कुणीही थांबवील. ज्यानं ब्रेक नसलेली थांबवली, त्याला काढून मी आणू कुणाला?"

बापूसाहेबांनी तोंड उघडले. पण तेवढ्यात अक्का उठल्या. टेंगळावर पदर दाबलेला, दुसऱ्या मुठीत मुरमावरून वेचलेली धुळकट पाने. रीत अशी, की चाकरांनी धन्याला आधी सोने द्यायचे आणि पाया पडायचे. अक्का चालत गाडीपाशी गेल्या, काळ्या हातांनी संकोचून उभ्या राहिलेल्या अप्पांच्या तळव्यावर त्यांनी बन्नी ठेवली आणि म्हणाल्या, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण, गोविंदा." बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. अप्पांच्या हाताचे तेल त्या पानांना लागले. अक्कांनी ते पाहिले आणि हसल्या. गाडी सुरू झाली. अप्पांनी उरल्या उतारावर मुद्दाम ब्रेक दाबला, आणि तो खरखरला, खडबडीत, बेसूर, मोठ्याने. मागून कुणीही तक्रार केली नाही.

अप्पांची नोकरी राहिली. खोली राहिली, मी पदवीधर झालो. पण सगळे गोड झाले असे समजू नका. अप्पा माझ्याशी महिनाभर मोजके बोलले. मी त्यांचे ऐकले नाही याचा राग, की ऐकले नाही म्हणून बरे झाले याचा, कोण जाणे! आणि त्यानंतरच्या प्रत्येक खंडेनवमीला तेलाची कुपी त्यांनी स्वतःकडे ठेवली. विळीपासून अडकित्त्यापर्यंत सारे तेच करू लागले. मी बाजूला उभा. मी शाळेत शास्त्र शिकवू लागलो, माझ्या वर्गातली मुले गंजाचे सूत्र घडाघडा म्हणू लागली, तरी ती कुपी काही माझ्या हाती आली नाही.

आता लढाई चालू आहे आणि पेट्रोल मिळत नाही. रावसाहेब टांग्याने कोर्टात जातात. मोटार शेडमध्ये उभी असते. अप्पा थकले आहेत, पण रोज सकाळी ते शेडचे दार उघडतात आणि मी शाळेला जाण्याआधी मला हाक मारतात. उभी राहिली की साय आत मुरते, असे त्यांचे म्हणणे. ते आत स्टिअरिंगपाशी बसतात, मी मागून ढकलतो. गाडी हातभर जाते, ते ब्रेक दाबतात, आम्ही दोघे ऐकतो. मग तितकीच मागे. इंजिन नाही, प्रवास नाही. नुसता तो एक आवाज राखण्यासाठी दोन माणसांची खटपट. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही वेडे वाटत असू.

परवाच्या दसऱ्याची सकाळ तशीच ओली होती. या वेळी भटजी लवकर आले, उत्तरपूजा आटोपली, शेडमध्ये तो आंबट, थंड वास भरला होता. हबवर साय धरलेली. मी रॉकेलचे फडके घेऊन घासू लागलो. अप्पा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मग माझ्या खांद्यावरून लांब चोचीची कुपी पुढे आली.

"हबला बोटभर," ते म्हणाले. "आत थेंब नको, बी. एस्सी."

मी बोटभर लावले. अप्पा चढून बसले, मी मागून खांदा दिला, गाडी हातभर सरकली, आणि अप्पांनी ब्रेक दाबला.

खर्रर्र!